रतनचा पत्ता

१४ ऑक्टोबर, सोमवार

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. क्रेडिट कार्डवाले असतील म्हणून दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलून खेकसणार तोच पलीकडची मुलगी म्हणाली, "कुंदाताई ना? मी गंधाली. गडहिंग्लजच्या पुढे मानसिक रुग्णांचं पुनर्वसन केंद्र आहे, तिथे समाजसेविका आहे. रतनताईंबद्दल बोलायचं होतं."

कोण रतन, हे आठवायला मला एक क्षण लागला. तो लागला याची लाज वाटली. रतन म्हणजे आमच्या विम्याच्या ऑफिसातली, अंधेरीला माझ्यासमोरच्या टेबलावर बसायची. हुशार, अक्षर मोत्यासारखं. मग आजारी पडली. भिंतींना ऐकू येतं म्हणायची, रजा वाढत गेल्या, शेवटी नोकरी सुटली. मालाडला भावाकडे होती, पुढे त्यानेच कुठेतरी लांब ठेवल्याचं कानावर आलं होतं. त्यानंतर मी रिटायर झाले, गुडघे दुखायला लागले, आणि रतन डोक्यातून निघून गेली.

गंधाली म्हणाली, रतन बरीच वर्षं स्थिर आहे. गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतील, पण केंद्रात राहायचं काही कारण उरलेलं नाही. घरी कोणी नाही एवढ्याचसाठी माणसाला अडकवून ठेवायचं नाही, असा आता कायदा आहे. "सोडायची तयारी करायची आहे ताई. त्यासाठी रुग्णाला आपला एक प्रतिनिधी नेमता येतो. त्यांनी तुमचं नाव सांगितलंय."

"माझं? अहो, मी तिची कोणी नाही."

"नातेवाईकच हवा असं नाही. ज्यांच्यावर त्यांचा भरवसा आहे अशी कोणतीही व्यक्ती चालते."

विचार करून सांगते म्हणून फोन ठेवला. मग गवार निवडायला बसले, ती इतकी बारीक मोडली की भाजीचा चिवडा झाला.

१६ ऑक्टोबर, बुधवार

मनालीला सांगितलं. भावाची मुलगी, बोरिवलीला असते. माझ्याशी बोलताना हल्ली माझीच आई असल्यासारखी बोलते. "आत्या, तुझं वय काय, तुझे गुडघे काय. कशाला लष्कराच्या भाकऱ्या?"

"फक्त सही करायचीय गं."

"आज सही करशील, उद्या बाई बॅग घेऊन दारात उभी राहील. मग काय करशील?"

काय करीन, ते मला माहीत नाही. खरं सांगायचं तर मला रतनचा रागच आलाय. एवढ्या मोठ्या जगात हिला मीच सापडले? आम्ही एकत्र डबा खायचो, बस. ना मी तिच्या घरी राहिले, ना ती माझ्या. मी काही संत नाही. नाही म्हणणार आहे.

२० ऑक्टोबर, रविवार

नाही म्हणण्याआधी तिच्या भावाशी एकदा बोलावं म्हणून बाळदादांचा नंबर जुन्या ऑफिसातल्या एकाकडून काढला. ते आता फोंड्याला मुलाकडे असतात. आवाज पार बसलाय.

"तुम्ही ऑफिसातल्या कुंदा. आठवतंय मला. तुमचं नाव घ्यायची ती."

मी म्हटलं, "दादा, तिला सोडतायत. तुम्ही घेऊन जाल का?"

आधी दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बारा वर्षं घरात सांभाळली मी तिला. बायको गेली तेव्हासुद्धा आधी रतनची गोळी दिली, मग डॉक्टरला फोन केला. मालाडची जागा गेली. आता मीच मुलाकडे पाहुणा आहे. मी थकलो हो. वाईट माणूस नाही मी."

"तसं कोण म्हणतंय?"

"कोणीच म्हणत नाही. आधी ठाण्याला ठेवलेली. ते बंद पडलं. मग पुण्याच्या बाहेर, मग तिथे. मला जिथे जागा मिळाली तिथे ठेवत गेलो. दर वेळी थोडं आणखी लांब."

मी तयार होते भांडायला. भांडायला माणूसच मिळालं नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

गंधालीने व्हिडिओ कॉल लावून दिला. रतनचे केस आखूड आणि पांढरे. चेहरा जरा सुजल्यासारखा, गोळ्यांमुळे असेल. डोळे तेच.

"कुंदा, तू अजून दिंडोशीलाच?"

"मग कुठे जाणार?"

"आज काय केलंयस?"

"मुगाची उसळ."

"खारट झाली असेल," ती म्हणाली. आणि तशीच बसून राहिली, हसली वगैरे नाही. मी मात्र हसले. उसळ खरंच खारट होती.

पुढे फार बोलणं झालं नाही. फोन ठेवल्यावर गंधालीला मेसेज केला, सही करते म्हणून. एक सही केल्याने काही बिघडत नाही. राहायला आण असं कोणी म्हटलेलं नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळी आणि निवडणूक आटोपली, मग गेले. मनाली शेवटपर्यंत कुरकुरत होती, पण प्रवासासाठी गुडघ्याचे पट्टे तिनेच आणून दिले.

केंद्र स्वच्छ आहे. मागे उसाचं शेत. मी काहीतरी भयंकर बघायला मिळेल अशी मनाची तयारी करून गेले होते. बघायला मिळाल्या पायरीवर बसून मटार सोलणाऱ्या बायका. त्यातली एक रतन. मला बघून तिने हात पुसले आणि म्हणाली, "जाडी झालीस."

डॉक्टर, गंधाली, रतन आणि मी असे बसलो. गंधाली रतनकडे बघून विचारते, माझ्याकडे बघून नाही, हे मला आवडलं. आजार उलटतोय हे कसं ओळखायचं, असं तिने विचारलं तेव्हा रतनने नीट सांगितलं. आधी झोप कमी होते. मग रस्त्यावरची माणसं आपल्याचबद्दल बोलतायत असं वाटायला लागतं. "तेव्हा मला पटवायला जायचं नाही. डॉक्टरकडे न्यायचं." जशी एखादी बाई आपल्या डायबिटीसबद्दल सांगते, तशी.

मग गंधालीने विचारलं, "कुंदाताईंचंच नाव का दिलंत, सांगाल त्यांना?"

रतन म्हणाली, "मी आजारी पडल्यावर सगळे माझ्याशी हळू बोलायला लागले. लहान मुलाशी बोलतात तसं. ही आपली तशीच ओरडायची. फाईल कुठे ठेवलीस म्हणून हिने सगळ्या सेक्शनसमोर माझी बिनपाण्याने केली होती. तेव्हा मी नुकतीच हॉस्पिटलमधून आले होते."

मला आठवतसुद्धा नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे त्या अवस्थेत मी तिच्यावर खेकसत होते! ती बिचारी ते कौतुकाने सांगत होती, मी मान खाली घालून बसले. आता वय झालंय, अक्कल आली आहे. यापुढे आवाज चढवायचा नाही.

ठरलं ते असं: एकदम सोडायचं नाही. आधी महिनाभर रजेवर मुंबईला येऊन राहील, माझ्याकडे. हे मी कधी कबूल केलं, मला नक्की सांगता येणार नाही. पण गंधाली पत्ता विचारत होती आणि मी सांगत होते, हे खरं.

७ डिसेंबर, शनिवार

तयारी चालू. गंधालीने कामं लावून दिली आहेत. जवळच्या सरकारी हॉस्पिटलात मानसोपचाराच्या ओपीडीचे वार विचारून आले. तीच गोळी इथे मिळते ना, ते बघितलं. दिवसा बायकांना घेऊन बसतात, शिवण, स्वयंपाक, गप्पा, असं एक केंद्र मुलुंडला आहे. तीच संस्था तिथे चार-पाच जणींचं एक घरही चालवते. गंधाली म्हणाली, वेळ मिळाला तर बघून ठेवा. मला काही त्याची गरज वाटत नाही.

नवी चादर, नवा कप आणला. जुना कप फुटायलाच आला होता.

मनाली आली आणि पोलिसासारखी घरभर फिरली. फिनेलची बाटली वरच्या फळीवर, सुऱ्या कपाटात. "बाथरूमची कडी काढून टाक आत्या. आतून बंद करून घेतलं तर तू काय दार फोडणार?" पटलं मला. सोसायटीतल्या सुताराला बोलावून कडी काढली, भोकांत लांबी भरून वरून रंगाचा हात मारला. बाहेरून कळतही नाही. पलंग तिला, मी दिवाणावर. दिवाण हॉलमध्ये दाराशी आहे, म्हणजे कोणी बाहेर गेलं तर जाग येतेच.

१० डिसेंबर, मंगळवार

रतन आली. गंधाली स्वतः घेऊन आली. हायवेवर बस थांबली तेव्हा रतन उतरून गाड्यांकडे बघत राहिली. "हा पूल नव्हता," म्हणाली. मग वर मेट्रो गेली तर एखाद्या ओळखीच्या मुलीने अंगावर भलतेच कपडे घालावेत तशा नजरेने शहराकडे बघितलं तिने.

रात्रीचं जेवण नीट जेवली. मी अगदी हळू बोलते आहे. "रतन, आणखी थोडा भात घेतेस का बाळा," असं माझ्या तोंडून निघून गेलं. तिने मान वर करून बघितलं, म्हणाली, "नको." दमली असेल.

१४ डिसेंबर, शनिवार

बसतंय हळूहळू. माझ्या आधी उठते आणि अंघोळ उरकून घेते. अंघोळ करताना मोठमोठ्याने आरत्या म्हणते, एक संपली की दुसरी, मध्ये खंड नाही. ऐकून बरं वाटतं. खूश आहे म्हणायची.

बादली मात्र दाराला टेकवून ठेवते आणि पाच मिनिटांत बाहेर. केंद्रातली घाई अंगवळणी पडली असेल. मी म्हटलं, "सावकाश कर गं, इथे कोणी रांगेत नाही." ती केस पुसत आत गेली.

समोरच्या सुलक्षणाने जिन्यात गाठलंच. "पाहुण्या आल्या वाटतं?" मी पटकन म्हटलं, "मावसबहीण. गावाहून." रतन मागेच उभी होती.

घरात आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "तुझ्या मावशीचं नाव काय गं? कोणी विचारलं तर माहीत असलेलं बरं."

मी विषय बदलला.

१७ डिसेंबर, मंगळवार

आज म्हणाली, वाण्याकडे एकटी जाते. मी हो म्हटलं. तयार व्हायला हवंच ना तिला. ती खाली उतरल्यावर मी लांबून मागे मागे गेले. नुसतं लक्ष ठेवायला. वाण्याच्या पलीकडे रिक्षाच्या आडोशाला उभी राहिले. तिला अजिबात कळलं नाही. तिच्या आधी घरी पोचावं म्हणून मागच्या गल्लीने धावतपळत आले, गुडघ्यांची वाट लागली.

तिने बिस्किटांचे दोन पुडे आणले होते. एक माझ्या हातात दिला. "घे. पाय दुखत असतील."

संध्याकाळी आरेच्या रस्त्याने दोघी थोडं चाललो. झाडीत शिरल्यावर गारवा लागतो. म्हशी परतत होत्या. रतन म्हणाली, तिकडे उसाच्या शेतात असाच वास यायचा, शेणाचा आणि ओल्या गवताचा. मी विचारलं, "आठवण येते का तिकडची?" म्हणाली, "जागेची येते. तिथे असण्याची नाही." मी पुढे विचारणार होते, पण गोड आवाजात काय विचारावं ते सुचेना. हल्ली तिच्याशी बोलताना वाक्य आधी मनात म्हणून बघावं लागतं.

२० डिसेंबर, शुक्रवार

आज भांडण झालं. सगळं लिहिते.

सकाळी मला घाई होती. ती आत आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही, कारण आवाज नव्हता. घसा बसला होता तिचा. मी दार ढकललं. दाराला बादली, काठोकाठ भरलेली. ती आडवी झाली, पाणी पॅसेजमधून हॉलमध्ये, दिवाणाखाली माझी वर्तमानपत्रं, चपला, सगळं भिजलं. माझं डोकंच फिरलं.

"अक्कल आहे का गं तुला! दाराला बादली लावून बसतं का कोणी? रोज रोज काय तमाशा!"

असं जोरात ओरडले मी. ठरवलेलं सगळं पाण्यात.

ती अंगाला टॉवेल धरून उभी होती. ती माझ्याहून जोरात ओरडली. "मग कडी लाव ना दाराला! तुझ्या दाराला कडी का नाही?"

तिने दारावर बोट ठेवलं, बरोबर लांबी भरलेल्या जागी. "इथे होती. काढलीस. माझ्यासाठी काढलीस ना?"

कपडे करून आली तेव्हा मी फडक्याने पाणी टिपत होते. तीही खाली बसली, दुसरं फडकं घेतलं. टिपता टिपता बोलली. ठाण्यापासून आजपर्यंत, जिथे जिथे राहिली, तिथे कुठेच बाथरूमला आतून कडी नव्हती. बरोबरच आहे, म्हणाली, सगळ्याच आजारी. पण कोणी आत येऊ नये म्हणून प्रत्येक बाई काहीतरी करते. कोणी खोकते, कोणी नळ सोडून ठेवते. ती आरत्या म्हणायची. "देवाचं काही नाही गं. मोठ्याने म्हणता येतात म्हणून. बसमध्ये बसल्यापासून एकच विचार होता, कुंदाकडे कडी असेल."

मी दहाला दुकान उघडताच जाऊन कडी आणली. सुताराला म्हटलं, आत्ताच्या आत्ता. तो म्हणाला, परवा काढायला लावली, आज बसवायला लावता. म्हटलं, तुला काय करायचंय, बसव.

दुपारी ती परत अंघोळीला गेली. कडी लागल्याचा आवाज आला. मग पाण्याचा. खूप वेळ नुसता पाण्याचा. मी दोनदा दारापर्यंत गेले आणि परत आले.

संध्याकाळी चहा घेताना म्हणाली, "आज ओरडलीस तेव्हा वाटलं, आले मी मुंबईत."

२८ डिसेंबर, शनिवार

सुऱ्या कपाटातून काढल्या. भाजी तीच चिरते, मी मीठ घालायचं नाही अशी अट आहे.

सुलक्षणा साखर मागायला आली. रतनने सरळ सांगितलं, "मी मावसबहीण नाही हो. आम्ही एका ऑफिसात होतो. मला मानसिक आजार आहे, गोळ्या चालू आहेत, बरी आहे." सुलक्षणाच्या हातातली वाटी तशीच. मग म्हणाली, "माझ्या सासूबाईंनाही शेवटी शेवटी..." आणि अर्धा तास बसली. साखर न्यायचं विसरली.

मी मनालीला फोन करून सांगितलं, रतनला कायमची ठेवून घेते. ती म्हणाली, "आत्या, तिला विचारलंस?" त्यात विचारायचं काय? जाणार कुठे ती? आणि मलाही सवय झाली आहे. घरात दुसरं माणूस असलं की भाजी पावशेर आणावी की अर्धा किलो हा रोजचा घोळ राहत नाही. एवढंच.

५ जानेवारी, रविवार

गंधालीच्या आग्रहामुळे मुलुंडचं ते घर बघून आलो. नुसतं बघायचं म्हणून. सोसायटीतला साधा फ्लॅट, चौघी राहतात, संस्थेची एक कार्यकर्ती दिवसा येऊन जाते. एक खोली रिकामी होते आहे.

मला काही आवडलं नाही. खिडकीखाली कर्कश हॉर्न. स्वयंपाकघर अंधारं. डाळीचा डबा उघडा. चौघींतली एक सतत टीव्ही लावून बसते. परत येताना मी हे सगळं रतनला सांगत होते. ती खिडकीबाहेर बघत "हं, हं" करत होती. तिथे असताना ती रिकाम्या खोलीत गेली होती आणि तिने दार आतून लावून, उघडून, परत लावून बघितलं होतं. पण ती तर तिची सवयच झाली आहे.

८ जानेवारी, बुधवार

रजा संपत आली. आज फोनवर डॉक्टर आणि गंधालीबरोबर बैठक. मी आधीच बोलायला सुरुवात केली: ओपीडी कोणत्या वारी, गोळ्या कुठे, माझ्याकडे कशी सोय आहे. गंधालीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रतनताई, तुम्हाला कुठे राहायला आवडेल?"

रतन म्हणाली, "मुलुंडला."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. ती पुन्हा म्हणाली.

फोन संपल्यावर भांडी आवाज करत घासली. ती येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

"चिडलीस."

"मी कशाला चिडू? तुझी मर्जी."

"कुंदा, माझ्या दादाने मला जीव लावून सांभाळलं. रोज गोळी, रोज झोपले का नाही ते बघणं. एके दिवशी तो संपला. मी समोर बसून बघितलंय त्याला संपताना."

"मी काही थकत नाहीये."

"तू दिवाणावर झोपतेस. दाराशी. मी पाणी प्यायला उठले तरी तुझा डोळा उघडतो. महिना झाला तू नीट झोपलेली नाहीस."

"मला वयामुळे झोप येत नाही."

"बरं," ती म्हणाली.

मग ओटा पुसता पुसता, "तुझ्याकडे राहिले तर तू ओरडायची बंद होशील. पुन्हा हळू बोलायला लागशील. त्यापेक्षा मला रविवारी येऊ दे."

मी म्हटलं, ये नाहीतर नको येऊस. बरोबर बोलले नाही, माहीत आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. रतन परवा केंद्रात परत गेली, शेवटच्या कागदपत्रांसाठी. मी पोचवायला गेले नाही, गुडघ्यांचं कारण सांगितलं. गंधालीचा फोन आला: प्रतिनिधी म्हणून तुमची संमती लागेल, त्यांचा मुलुंडचा पत्ता तुम्हाला मान्य आहे ना?

मान्य नाही म्हटलं तर? मी विचारलं.

ती म्हणाली, "तर आम्ही पुन्हा बोलू. पण निर्णय त्यांचा आहे ताई. तुम्ही त्यांच्या वतीने आहात. त्यांच्या जागी नाही."

मुलगी माझ्या निम्म्या वयाची. फोन ठेवल्यावर तीळगूळ एकटीनेच खाल्ला. मग परत फोन लावून मान्य म्हटलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काल रतनला मुलुंडला सोडून आले. बाळदादा फोंड्याहून आले होते. काठी टेकत तिसऱ्या मजल्यावर चढले. दोघं बहीणभाऊ एकमेकांसमोर बसले आणि बराच वेळ जुन्या मालाडच्या बाजारातल्या एका फरसाणवाल्याबद्दलच बोलत राहिले. निघताना दादा म्हणाले, "पत्ता लिहून दे गं तुझा. पत्र टाकीन." तिने लिहून दिला. तुझा पत्ता, असं तिला विचारणारं इतक्या वर्षांत कोणी नसेल.

घरी आले आणि पलंगावर आडवी झाले. सुटल्यासारखं वाटलं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर मी नाकबूल जाईन. सकाळी आठपर्यंत झोपले. उठले तेव्हा घर इतकं शांत होतं की रेडिओ लावला.

आज अर्धा किलो भेंडी आणली. चुकून.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मला आज कळलं, आणि तेही फोनवर तिच्याशी बोलण्याच्या ओघात. गेल्या आठवड्यात रतनची झोप कमी झाली होती. शेजारच्या इमारतीतली माणसं बघतायत असं वाटायला लागलं होतं. तिने स्वतः कार्यकर्तीला सांगितलं, दुसऱ्या दिवशी ओपीडीला गेली, डॉक्टरांनी गोळी वाढवली. आता ठीक आहे.

मी फोनवर भडकले. "मला का नाही सांगितलंस? मी प्रतिनिधी आहे की शोभेची बाहुली?"

"तुला सांगितलं असतं तर तू टॅक्सी करून आली असतीस."

"आलेच असते!"

"म्हणूनच."

"मग आता कशाला सांगतेस?"

"आता बरी आहे म्हणून. पुन्हा झोप गेली तर आधी डॉक्टर, मग तू. पण तुला सांगीन. हे ठरलं."

मी म्हटलं, ठरलं. पण मला ते पटलेलं नाही. मनाली म्हणते, आत्या, हेच तर व्हायला हवं होतं ना. तिला सगळंच सोपं वाटतं.

९ मार्च, रविवार

आज रतन एकटी आली. आधीचे रविवार मी जाऊन घेऊन यायचे. काल म्हणाली, "स्टॉपवर येऊन उभी राहू नकोस. रिक्षाच्या मागे तर अजिबात नको."

मी गेले नाही. पुरणाचा घाट घातला, कोणी न सांगता. साडेअकरापर्यंत यायला हवी होती. बारा वाजले. फोन लावायला घेतला, ठेवला. सुलक्षणाने दार उघडून विचारलं, आल्या का? म्हटलं, येईल. खिडकीत गेले, परत आले. डाळ शिजली का ते पुन्हा पुन्हा बघितलं. मनात काय काय आलं ते लिहीत नाही.

एक वाजून गेल्यावर बेल वाजली. घामाघूम, चेहरा लालबुंद, पदर कमरेला खोचलेला.

"आरेत चुकीच्या स्टॉपवर उतरले. गोठ्यांचा वास आला तेव्हा कळलं. एक बाई भाजी घेऊन बसली होती, तिला विचारलं, ती म्हणाली पुढची बस कधी येईल सांगता येत नाही. चालत आले."

"एवढ्या उन्हात? फोन करायला काय झालं होतं तुला?" मी ओरडले.

"चालत होते ना!" तीही ओरडली. मग माठातलं पाणी स्वतः घेऊन दोन तांबे प्यायली.

पोळ्या पोटभर खाल्ल्या. पुरणात मीठ लागतंय असं एकदा म्हणाली, आणि वर तूप मागितलं. जेवण झाल्यावर हॉलमधल्या फरशीवरच उशी टाकून आडवी झाली, गार लागतं म्हणून. बोलता बोलता डोळा लागला.

आता साडेचार होत आलेत. मी दिवाणावर बसून हे लिहिते आहे. तिची परतीची बस आहे, उठवायला हवं. चहा टाकायचाय. पण भांड्यांचा आवाज होईल, म्हणून थांबले आहे.